आपांची भीती

आपा वर्गात शिरताना आधी वर बघत. पत्र्याला गांधीलमाश्यांनी घर केलंय का, पंख्याचा नट ढिला झालाय का, हे बघून झालं की खाली बघत. मग दाराच्या मागं. मग फळ्याच्या मागं, कारण तिथं एकदा विंचू निघाला होता म्हणे. एवढं सगळं झाल्यावर त्या लेकरांना आत घेत. शिक्षणसेवक म्हणून मी त्या शाळेत रुजू झालो, त्या पहिल्या सकाळी हा सोहळा मी दारात उभा राहून बघितला आणि मनात म्हटलं, आपली गाठ कुणाशी पडली बाबा!

कुंभार पिंपळगावपासून जीपनं वीसेक मिनिटांवरची ती शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, बेचाळीस लेकरं. आपा मुख्याध्यापिका, तिसरी-चौथी त्यांच्याकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं. त्या मूळच्या जुन्या जालन्यातल्या, शिंप्याच्या घरच्या. घरी उर्दू बोलायच्या, शाळेत मराठी, आणि घाबरल्या की दोन्ही एकदम. घाबरलेल्या नाहीत अशी वेळ मात्र मी फार थोडी पाहिली. सरपंचापासून पहिलीच्या लेकरापर्यंत सगळं गाव त्यांना आपा म्हणायचं. पाठीमागं भित्री आपा म्हणायचं, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो.

त्यांना कशाकशाची भीती वाटायची हे लिहायला बसलो तर वही पुरणार नाही. मैदानाच्या कडेच्या भिंतीला तडा गेला होता. त्या भिंतीपासून सहा पावलांवर त्यांनी चुन्याची रेघ मारली होती आणि दर सोमवारी ती रेघ स्वतः नव्यानं मारत. शिजलेली खिचडी लेकरांच्या आधी शिक्षकानं चाखायची असते. मी एक घास खाऊन मोकळा व्हायचो. आपा वाटीभर खाऊन घड्याळाकडं बघत बसत आणि तोवर लेकरं ताटं वाजवत. बोअरच्या मोटारीचा खटका पायात रबरी चप्पल घालून त्या स्वतःच दाबायच्या. मैदानात पळायला बंदी नव्हती, पण कुणी पळालं की त्यांच्या गळ्यातली शिट्टी वाजायची.

आणि मोजणी. सकाळी, छोट्या सुट्टीनंतर, जेवणानंतर, घरी सोडताना. नुसतं बोट दाखवून नाही, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. "एक, दो, तीन..." करत त्या "बयालीस"पर्यंत आल्या की मोठा श्वास सोडत. मधेच कुणी लघवीला गेलेलं असलं आणि आकडा एकेचाळीसवर थांबला, तर त्यांचा चेहरा उतरे आणि ते लेकरू येईपर्यंत त्या दारातच उभ्या राहत.

एकदा मी हसत हसत विचारलं, "आपा, एवढं काय भिता हो?"

त्या हसल्या नाहीत. "बयालीस लेकरं हायेत ना आपल्याकडं. त्यांच्या आयांनी भरवशावर धाडलेत. भ्याला आनखी काय कारन लागतं?" मग म्हणाल्या, "ज्याला बिलकुल भ्या वाटत न्हाई, त्याच्याकडं मी माझी बकरी बी सोपवनार न्हाई."

खरं तर भीती मलाही वाटायची. आपांची भीती सगळ्या गावाला दिसायची आणि माझी मी इस्त्रीच्या शर्टाखाली दाबून ठेवायचो, एवढाच फरक. डी.एड.ला पाठ घेताना मागं परीक्षक बसलेला असतो आणि समोरची लेकरं शहाण्यासारखी वागतात. इथं पहिल्याच दिवशी एकोणीस लेकरं माझ्यासमोर आली. एक रडत होतं, दोघं एकमेकांचे केस ओढत होते, एक जण दप्तरासकट खिडकीवर चढला होता. मला काही सुचेना. मी सगळा जोर लावून ओरडलो. वर्ग एका क्षणात चिडीचूप झाला, आणि पुढच्या रांगेतल्या एका लेकराच्या चड्डीतून ओघळ वाहत माझ्या बुटापर्यंत आला.

आपा शेजारच्या खोलीतून आल्या. लेकराला बाहेर नेलं, कपडे बदलले.  सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"भ्या वाटलं का, बेटा?"

"नाही, आपा."

"मंग वरडलास कशाला?"

मी बुटावरचा डाग रुमालानं पुसायला लागलो. तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला. "उद्यापासून खाली बसून शिकव. लेकरू खालून बघतं तर त्याला तुझ्या नाकपुड्या दिसतात नुसत्या. नाकपुड्याकडं बघून कोन शिकंल?"

मी बसलो. आणि खरंच, सतरंजीवर बसल्यावर वर्ग निम्म्यानं लहान झाला आणि माझी भीतीही थोडी कमी झाली.

आता मीच जुना शिक्षक झालोय. केंद्राच्या शिक्षण परिषदेत नवी पोरंपोरी मला विचारतात, सर, काहीतरी उपक्रम सांगा. मी सांगतो ते सगळे आपांचे, आणि त्यांतला एकही उपक्रम म्हणून जन्माला आलेला नाही. सगळे भीतीतून निघालेले. सकाळी दारात उभं राहून प्रत्येक लेकराचा हात हातात घ्यायचा, हे घ्या. लोक त्याला स्वागत म्हणतात आणि फोटो काढून ग्रुपवर टाकतात. आपांना ताप बघायचा असायचा. हात गरम लागला तर ताप, थंडगार लागला तर उपाशी. उपाशी लेकराला त्या पाढे विचारत नसत. आधी दोन बिस्किटं देत आणि बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं ओळखायला लावत.

प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड उघडायचं नाही, हेही त्यांचंच. मी तीनपर्यंत पोचलो की पुढच्या लेकराकडं वळायचो. "तुझ्या तीनमधी लेकरू प्रश्न बी ऐकत न्हाई," त्या म्हणायच्या. "पाचला त्याला समजतं, आठला धीर येतो. तू तर सातला पळून जातोस." करून बघा, दहा आकडे फार लांब असतात. शिक्षकाचाच जीव वर-खाली होतो. पण नवव्या आकड्याला एखादा असा हात वर येतो, की त्या हाताला वर्षभरात कुणी वर आलेलं पाहिलेलं नसतं.

आकडे शिकवायला त्या तिसरी-चौथीच्या लेकरांना शाळेच्या फाटकाशी बसवत, फाटकाला आतून कुलूप घालून. समोरच्या रस्त्यानं कारखान्याला उसाची वाहनं जायची. त्यांच्या पाटीवरचा नंबर वाचायचा, उलटा करायचा, दोन नंबरांची बेरीज करायची. आमच्या चौथीतल्या पोरांची बेरीज चालत्या ट्रॅक्टरच्या वेगानं व्हायची. शेवटी आपा हमखास एक प्रश्न विचारायच्या, "डायव्हरला आपन दिसतो का?" लेकरं एका सुरात ओरडायची, "न्हाई!"

पण त्यांची खरी करामत म्हणजे कानवाचन. नाव माझं, काम त्यांचं. कच्च्या लेकराला त्या कधी सगळ्यांसमोर उठवत नसत. जवळ घेत, पदर बाजूला करून कान पुढं करत, आणि लेकरू त्या कानात एक ओळ वाचायचं. चुकलं तरी आपांखेरीज कुणाला कळायचं नाही. आणि आपा "चूक" म्हणायच्याच नाहीत. "आनखी एकदा सांग, मला कमी ऐकू येतं," म्हणायच्या. त्यांचे कान चांगले शाबूत होते.

माझ्या दुसरीत कोमल नावाची मुलगी होती. सात वर्षांची, लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या, गळ्यात दोऱ्यात ओवलेलं पेन्सिलीचं थोटूक. आईवडील जवळपासच्याच फडांवर ऊसतोडीला जायचे. भल्या पहाटे घराला कुलूप लावून निघायचे. कोमल शेजारच्या ओट्यावर बसून राहायची आणि शाळेची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी यायची. मोठ्यानं वाच म्हटलं की तिचे ओठ शिवल्यासारखे व्हायचे. महिनाभर तिनं माझ्या कानात नुसते श्वास सोडले. मग एक दिवस "आई" आलं. मग "कमळ". दिवाळीनंतर चार शब्दांची ओळ आली आणि मी आनंदानं आपांकडं पळत गेलो, तर त्या म्हणाल्या, "पळू नको."

एवढं होऊनही मी तिच्याशी जे केलं, ते आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच लिहितोय.

जानेवारीत तपासणी लागली. साहेब येतात, कोणतीही तीन-चार लेकरं उठवतात, वाचायला लावतात आणि शेरा लिहितात. मी सेवक होतो, कायम व्हायचं होतं, आणि त्या शेऱ्याच्या धास्तीनं मला जेवण जाईना. एका बैठकीत शेजारच्या शिक्षकानं कानात सांगितलं, "कच्ची लेकरं त्या दिवशी घरी ठेवायची असतात, सर. ताप आला म्हणायचं. सगळेच करतात." हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, कागदावर कुठं नसतं, पण मास्तरकीत मुरलेलं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

आदल्या दिवशी शाळा सुटताना, आपा मोजणीत असताना, मी तिघांना बाजूला घेतलं. दोन मुलं आणि कोमल. "उद्या शाळेत यायचं नाही. साहेब येणार आहेत. साहेब गेले की यायचं. आणि आपांना सांगायचं नाही." मुलं खूश झाली. कोमलनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला आपा डोक्यांवरून हात फिरवत गेल्या आणि "उनतालीस"वर थांबल्या.

"तीन कमी. कोन, सर?"

लेकरांसमोर त्या मला सर म्हणत. मी तिन्ही नावं सांगितली. "ताप आलाय म्हणे, आपा."

"तिघांना बी?"

तेवढ्यात साहेबांची गाडी आली आणि माझी सुटका झाली असं मला वाटलं. साहेब टेबलापाशी बसले, हजेरीपट मागितला. आपांनी तो त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही च्या घ्या. तीन लेकरं आजारी हायेत, बघून येते." साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. ते काही म्हणायच्या आत आपा फाटकाबाहेर होत्या. मी वर्गात जाऊन फळ्यावर तारीख लिहायला लागलो. पुसून पुन्हा लिहिली. खडू दोनदा तुटला.

वीस मिनिटांनी त्या दारात आल्या. घामानं चेहरा भिजला होता.

"पोरं गोट्या खेळून राह्यलेत. सरांनी न्हाई म्हनलं, म्हनतात." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "कोमलच्या घराला कुलूप हाये. शेजारीन म्हनती, दप्तर घेऊन रोजच्या टायमाला शाळेत गेल्ती. बेटा, तू तिला काय सांगितलंस?"

साहेब मागं येऊन उभे होते. वर्ग बघत होता. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मधेच मला कळलं, की त्या मुलीला घर बंद आणि शाळाही बंद. मग सकाळपासून ती कुठं असेल?

आपा वळल्या. साहेबांना म्हणाल्या, "लेकरं तुमच्या हवाली. मोजलेली हायेत," आणि निघाल्या. मी मागं.

पहिल्यांदा आम्ही कालव्यावर गेलो. पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ, गढूळ आणि गप. आपा काठानं ओल्या मातीत पावलं शोधत चालल्या होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या, ती दुआ होती की मोजणी, कुणास ठाऊक. मी पाण्याकडं बघत होतो. एका बाभळीच्या फांदीला लाल काहीतरी अडकलं होतं. मला वाटलं, रिबीन.  ती खताच्या गोणीची चिंधी होती. मी काठावर ओकलो.

"ऊठ," आपा म्हणाल्या. "हिकडं पावलं न्हाईत. लेकरू सावली बघत असंल. सावली कुठं हाये?"

गावाभोवतीचा सगळा ऊस तुटलेला होता. उघडं रान. सावली एकाच ठिकाणी होती. फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, उसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर हत्तीएवढा ऊस. पुढं रस्त्यावर एक वाहन फसलं होतं म्हणून रांग सकाळपासून जागची हलली नव्हती. आम्ही शंभर पावलांवर असताना ती हलली. पुढच्या ट्रॅक्टरांनी धूर सोडला.

त्या दिवशी मी आपांना पळताना पाहिलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. चप्पल गेली, पदर गेला, शिट्टी फुंकत त्या रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि चालत्या ट्रॅक्टरसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवर टेप इतक्या मोठ्यानं लावलेला होता, की शिट्टी कुणाला ऐकू जाईना. दोन हातांवर येऊन ट्रॅक्टर थांबला.

"ओ मावशी, मरायचं हाय का? सरका!" डायव्हर ओरडला.

"सरकत न्हाई! पहिलं बंद कर सगळ्यांला! खाली लेकरू हाये! बंद कर!"

"कुठं हाय लेकरू?"

खाली लेकरू आहे हे आपांना तरी कुठं ठाऊक होतं? पण ती बाई हलली नाही. मागचे भोंगे वाजवत होते, कुणी शिव्या देत होतं. मी गुडघ्यांवर आलो आणि एकेका ट्रॉलीखाली वाकून बघत सुटलो. पहिली. दुसरी. ग्रीस, माती, उसाचं पाचट. पाचव्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीखाली, चाकाच्या आडोशाला, दप्तर उशाला घेऊन कोमल झोपली होती. तिचा एक पाय चाकाच्या पुढं लांब पसरलेला होता. चाक आणि पाय यांच्यात माझा पंजा जेमतेम मावला असता. तो ट्रॅक्टर सुरू होता. सगळी ट्रॉली थरथरत होती आणि त्या थरथरीत ती गाढ झोपली होती.

मी तिला ओढून काढलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि घाबरून उठून बसली.

"सर, सायब गेले का? आता येऊ?"

त्या ट्रॅक्टरचा डायव्हर खाली उतरला होता. पंचविशीतला पोरगा. त्यानं चाक बघितलं, पोरगी बघितली. "म्या गिअर टाकलाच व्हता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि मग आपला टेप बंद करायला वर चढला, तर त्याला बटण सापडेना. आपा रस्त्यातच खाली बसल्या होत्या.  कोमलला मी त्यांच्या मांडीवर ठेवलं, तर त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

साहेबांनी त्या दिवशी कोणता शेरा लिहिला, ते मला खरोखर आठवत नाही. त्याच शेऱ्यासाठी मी हे सगळं केलं होतं.

शाळा सुटल्यावर मला वाटलं, आता आपा बोलतील. मी वाटच बघत होतो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तिची आई दिवस बुडताना येती. मी तुझ्यासंग येते. पन तोंड तू उघडायचं. सगळं सांगायचं, बराबर जसं झालं तसं. मधी मी बोलनार न्हाई."

कोमलची आई डोक्यावर वाड्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन आली. हाता-तोंडावर उसाच्या पानांचे ओरखडे. दारात दोन शिक्षक बघून तिनं भारा घाईनं टाकला. मी सांगायला लागलो. कालवा सांगितला, रांग सांगितली, चाक सांगितलं. का येऊ नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. ती बाई कोमलला पोटाशी धरून ऐकत होती. मधेच तिनं पोरीचा तो पाय हातानं चाचपून बघितला. सांगून झालं आणि मी वाट बघत राहिलो, की आता ही मला शिव्या देईल, दगड उचलेल, गाव गोळा करेल. ते माझं प्राक्तन आहे अशी मी मनाची तयारी केली होती.

तिनं हात जोडले.

"चुकलं असंल तिचं, सर. तिला येत न्हाई, म्हाईत हाय मला. मला बी येत न्हाई, घरी कोन सांगनार तिला? पन काढू नका. येका कोपऱ्यात बसंल ती. सायबाला दिसनार बी न्हाई. बसू द्या फक्त."

मी आपांकडं बघितलं.  त्या तोंडावर पदर दाबून भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी त्या माउलीच्या पाया पडायला खाली वाकलो, तर ती भिऊन पोरीला घेऊन दोन पावलं मागं सरकली.